कोणावर लिहिले, हे विचारू नका



गेल्या वर्षी हनुकाच्या दिवसांत आमच्या एका मैत्रिणीचा इस्राएलहून फोन आला. शाळेपासूनची मैत्रीण. तिचा आवाज इतका पडलेला आम्ही क्वचितच ऐकला असेल. निवृत्त झाल्यावर तिने आयुष्यातली पहिली गोष्ट लिहिली, तीही मराठीत, आणि आपल्याच लोकांच्या एका स्मरणिकेसाठी पाठवली. गोष्ट अशी : कोकणातल्या एका मुलीचे ठरलेले लग्न मोडते, कारण तिची आजी 'काळ्या' इस्राएलांपैकी होती हे मुलाकडच्यांना उशिरा कळते. पुढे दोन्ही कुटुंबे इस्राएलला जातात. म्हातारपणी ती मुलगी आणि तो मुलगा एकाच इमारतीत शेजारी म्हणून येतात. नातवाच्या लग्नाआधी ती त्याच्या घरी मलिद्याचे ताट पाठवते. तो ते ठेवून घेतो की परत पाठवतो, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

गोष्ट परत आली. सोबतच्या चिठ्ठीचा मथितार्थ असा की, भाषा चांगली आहे, पण ते गृहस्थ कोण हे साऱ्यांना कळेल, आणि जुनी मढी उकरून समाजाची बदनामी कशाला? मैत्रिणीने वही फाडून टाकली. फोन ठेवल्यावर आमच्या ध्यानात आले की 'कोणावर लिहिले होतेस गं?' हा प्रश्न आमच्याही जिभेवर आला होता. त्याची आम्हांस लाज वाटली. म्हणून हा लेख.

आम्ही काही साहित्यिक नव्हे. पासष्टी गाठलेली निवृत्त परिचारिका. शिक्षण सारे मराठीत, रेवदंड्याच्या बाजूला आणि पुढे मुंबईस. आजोबांचा तेलाचा घाणा आमच्या जन्माआधीच बंद पडला होता. वडील रेल्वेत होते. थोरला भाऊ अलिबागच्या वाचनालयाचा सभासद. शुक्रवारी घरी येताना तो दोन पुस्तके आणायचा, आणि शब्बाथच्या दुपारी कामधाम नसल्यामुळे ती मोठ्याने वाचली जायची. आमची आजी निरक्षर होती, पण ऐकायला पुढे बसायची.

एका पावसाळ्यात भावाने श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' आणली. १९५२ सालची ही कादंबरी. गावाने ओवाळून टाकलेला बापू, त्याची राधा, आणि अख्खे गाव एका बाजूला. गाव ब्राह्मणांचे, देव त्यांचे, सोवळे त्यांचे, आमचे त्यात काही नव्हते. तरी आजी दोन शब्बाथ जागची हलली नाही. संपल्यावर ती म्हणाली, "अगो, असाच एक आपल्यातही होता." आणि तिने आपल्या चुलतभावाची हकिकत सांगितली. ती आमच्या आईनेही कधी ऐकली नव्हती. सांगून झाल्यावर आजी दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "पण कुठे बोलू नका हां."

आवडता लेखक म्हणजे काय, हे आम्हांस त्या दुपारी कळले. पेंडशांनी आमच्याबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते. पण त्यांनी आपल्या गावाची लाज झाकली नाही, म्हणून आमच्या आजीचे तोंड उघडले. आणि आपण गोष्टींना एवढे का भितो, तेही त्याच दुपारी कळले.

पुढे मुंबईला परिचारिकांच्या वसतिगृहात राहिलो. रात्रपाळीला जागे राहण्यासाठी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांइतके गुणकारी औषध नव्हते. झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या किती रात्री काढल्या! या माणसाने हजारावर पुस्तके लिहिली. त्यांना नाके मुरडणाऱ्यांनी पहाटे तीनच्या सुमारास वॉर्डात एकदा बसून पाहावे. पण त्याच वसतिगृहात मुखपृष्ठ गेलेले एक पुस्तक उशाखालून उशाखाली फिरत असे : विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास'. १९३३ सालचे पुस्तक. आमच्या हाती आले तेव्हा ते चाळिशी उलटलेले होते. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या त्या कथा. ज्यांच्या पगारावर घर चालते, आणि म्हणूनच ज्यांच्या लग्नाची घाई कोणाला नसते, अशा मुली. आमच्या खोलीत चार जणी होतो. चौघींचीही मनीऑर्डर दर महिन्याला घरी जात होती. पुस्तक वाचून त्या रात्री एकीनेही दुसरीकडे पाहिले नाही.

आपल्या समाजात तर अशा मुली घरोघरी होत्या. कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी टायपिस्ट. भाऊ शिकले, इस्राएलला गेले, बहिणीच्या पगारावर. त्या बहिणींची नावे कुटुंबाच्या झाडावर असतात. पण त्यांचे काय झाले, हे आपण कुठे लिहिले?

'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! आणि लोकांचा पहिला प्रश्न हाच : ही बाई कोण, आणि हे कोणावर लिहिले? विभावरी हे टोपणनाव होते. त्यामागच्या बाईंना, मालतीबाई बेडेकरांना, त्या नावाने थोडी सावली दिली. पुढे नाव उघड झाले, आकाश कोसळले नाही. ज्यांनी आरडाओरडा केला त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' लिहिली ती आपल्याच मुलखातल्या माणसांवर. पु. लं.चा अंतू बर्वा इतका तिखट बोलतो की आमच्या काकांची आठवण व्हावी. पण पु. लं. त्याचे एकाकीपणही लपवत नाहीत, आणि हसता हसता वाचणारा गप्प होतो. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रत्नागिरीची त्यात बदनामी झाली असे कोणी म्हणेल काय?

मग आपले काय? आपण मराठी बोलतो, मराठीत भांडतो, मराठीत रडतो. १८७४ साली पुण्यात छापलेली हगादा मराठी भाषांतरासह आहे. १८८० च्या सुमारास आपल्या वडीलधाऱ्यांनी कीर्तनाचा बाज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रंगवली. एवढी गोष्टीची आवड असलेला हा समाज. पण आपल्या घरांवरच्या कादंबऱ्या आमच्या कपाटात कोणत्या भाषांत आहेत ते पाहा. मीरा महादेवन या आपल्याच मुलीने 'अपना घर' लिहिली ती हिंदीत, १९६१ साली. (याच मीराबाईंनी पुढे १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली.) शीला रोहेकरांची 'मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा' हिंदीत, २०१३ साली. एस्थर डेव्हिड यांची रेचल, कोकणातल्या दांडा गावी सिनेगॉग बिल्डरच्या हाती जाऊ नये म्हणून झटणारी म्हातारी, इंग्रजीत बोलते. त्या पुस्तकाला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिघींनाही आमचा मानाचा शालोम. पण रेचल आमच्या आजीच्या भाषेत बोलली असती तर काय बहार झाली असती!

मराठीत का नाही? आमचे उत्तर कडू आहे. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिले तर जमातीतली म्हातारी मंडळी वाचणार नाहीत, या भरवशावर लिहिता येते. मराठीत लिहिले की दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीवर चौकशी सुरू : हे कोणावर? (इस्राएलमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो : आमच्या लहानपणी सिनेगॉगला मशीदच म्हणत.)

आता आम्ही राहतो तिथली एक हकिकत सांगतो. २००१ साली नोकरीनिमित्त आम्ही आयर्लंडमध्ये लेटरकेनीला आलो. स्विली नदीकाठचे, डोनेगल परगण्यातले हे गाव. इथे आपले कोणी नाही. मिन्यान जमवायचा तर गाडी काढून बेलफास्ट नाही तर डब्लिन गाठावे लागते. पण पश्चिमेला समुद्राकडे गेले की जुनी आयरिश भाषा घरात बोलणारी गावे लागतात, आणि आम्हांस कोकणात आल्यासारखे वाटते. तेच दगडी कुंपण, तोच वारा, आणि परगावी गेलेल्या मुलांची तशीच वाट पाहणारी घरे. तिकडच्याच एका सहकारी परिचारिकेने रात्रपाळीत आम्हांस शोसव मॅक ग्रिअना या लेखकाचे नाव सांगितले.

रान्नाफस्त या गावचा हा माणूस, जन्म १९०० सालचा. त्याची आयरिश भाषेतली कादंबरी आहे, तिच्या नावाचा अर्थ 'मोठा ढोल'. गावातल्या वाजंत्री पथकावरून दोन तटांत जुंपलेली भांडणे, एवढाच विषय. आपल्याकडे सिनेगॉगच्या मुकादमपदावरून होतात तशीच. कादंबरी १९३० च्या दशकातच लिहून तयार होती. पण त्यातली माणसे ओळखू येतील, कोणी अब्रूनुकसानीचा दावा लावील, अशी धास्ती पडली आणि ती अडकून राहिली. छापली गेली १९६९ साली. तोवर लेखक इथेच, आमच्या लेटरकेनीत, सेंट कोनल्स या मनोरुग्णांच्या इस्पितळात होता. १९५९ पासून १९९० साली मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला. पुस्तक अडले म्हणून माणूस आजारी पडला, असे आम्ही म्हणणार नाही. कागद न पाहता निदान करणे परिचारिकेला शोभत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की तीस-पस्तीस वर्षे ज्या गावकऱ्यांची अब्रू जपली गेली, त्यांतले कितीतरी जण तोवर मातीआड गेले होते. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनी वाचले नाही. अब्रू वाचली ती कोणाची?

दुसरे उदाहरण एड्ना ओब्रायन यांचे. त्यांची 'द कंट्री गर्ल्स' १९६० साली निघाली. खेड्यातल्या दोन मुलींची गोष्ट. सरकारने बंदी घातली, आणि गावच्या पाद्र्याने प्रती जाळल्याचे बाईंनी स्वतः सांगितले आहे. कारण तेच : आपल्या मुली अशा नसतात! २०१९ साली डब्लिनने साऱ्या शहराने मिळून वाचायचे पुस्तक म्हणून निवडली ती हीच कादंबरी आणि तिचे पुढचे दोन भाग. २०२४ मध्ये बाई वारल्या तेव्हा साऱ्या देशाने मान लववली.

तिसरा माणूस आपल्याला अधिक जवळचा. डेव्हिड मार्कस, कॉर्क शहरातल्या ज्यू घरातला. १९६८ पासून त्याने 'आयरिश प्रेस' या दैनिकात नव्या आयरिश लेखनाचे पान चालवले आणि कितीतरी नवख्या लेखकांच्या गोष्टी छापल्या. पुढे १९८६ मध्ये कॉर्कच्या ज्यूंवर स्वतःची कादंबरीही लिहिली. मूठभर लोकांचा समाज. शेजारी शेजाऱ्याला ओळखणारच. तरी त्याने लिहिली, आणि लोकांनी घेऊन वाचली.

आता आक्षेप घेऊ. पहिला : "आपण थोडे आहोत. मोठ्या समाजाला परवडते, आपल्याला नाही." आमचे म्हणणे उलटे आहे. मोठ्या समाजाची हकिकत चार जणांनी नाही लिहिली तरी पाचवा लिहितो. आपल्यात पाचवा कोण आहे?

दुसरा : "गोष्ट म्हणजे कल्पना. त्यापेक्षा इतिहास लिहा." इतिहास हवाच. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये तो इंग्रजीत लिहून पुरा केला. छापून निघाला तेल अवीवला १९३७ साली, चाळीस वर्षांनी, ग्रंथकर्ता गेल्यावर. त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण आम्ही आयुष्यभर केसपेपर भरले. त्यात ताप किती, रक्तदाब किती, सारे लिहितो. म्हातारी समोरची भाकरी का खात नाही, ते केसपेपरात येत नाही. ते तिच्या गोष्टीत असते, आणि ती ऐकणारा असेल तरच ती खाते.

तिसरा : "आता मराठी वाचणार कोण?" आमच्या वॉर्डात एक नव्वदीची आजी होती. स्मरणशक्ती जात चालली तशी तिची मागाहून शिकलेली इंग्रजी आधी गेली, आणि बाळपणीची आयरिश तेवढी उरली. आमच्या सहकारिणीने तिच्या भाषेतली गोष्ट सांगायला घेतली की तिच्या हातांची चुळबूळ थांबायची. वाचकहो, डिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा इथल्या आपल्या घरांत आणि वृद्धाश्रमांत हेच होणार आहे, होत आहे. हिब्रू आधी जाईल, मराठी शेवटी. तेव्हा त्यांना वाचून दाखवायला काय ठेवले आहे आपण? नातवंडांना देवनागरी येत नसेल तर मोठ्याने वाचा. हल्ली फोनवर आवाज भरून पाठवता येतो. आमच्या आजीला तरी कुठे वाचता येत होते?

चौथा आक्षेप सर्वांत खोल : "घरची धुणी बाहेर कशाला?" इथे आम्ही जरा कठोर बोलणार आहोत. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या लग्नांआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. आपल्या माणसांनी १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरले; क्नेसेटमध्ये ठराव झाला, आणि रब्बीनेटला माघार घ्यावी लागली. त्या लढ्याचा आम्हांला अभिमान आहे. पण आमच्या मैत्रिणीच्या गोष्टीतल्या मुलीच्या आजीची चौकशी कोणी केली होती? रब्बीने नव्हे. आपणच, 'गोरे' म्हणवणाऱ्यांनी. तिच्या हाताची भांडी कोणी वेगळी ठेवली? आपणच. दुसऱ्याने आपली पिढी मोजली की धरणे, आणि आपण मोजली की घरची धुणी? हा प्रश्न व्याख्यानात विचारला तर भांडण होते. गोष्टीत विचारला तर माणूस रात्री अंथरुणावर स्वतःशीच उत्तर देतो.

आणि धर्माचे म्हणाल, तर आपले पवित्र शास्त्रच पाहा. याकोबाने आंधळ्या बापाला फसवले, ते लपवले नाही. भावांनी योसेफाला विकले, ते लपवले नाही. आपण साऱ्यांनी त्यांनाच वडील मानले. दावीद राजाने ऊरियाची बायको घेतली आणि ऊरियाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात गेला तो ठपका घेऊन नव्हे, गोष्ट घेऊन. गरीब माणसाची एकुलती एक कोकरी, आणि ती मारून पाहुण्याला वाढणारा श्रीमंत. राजा संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावू लागला, आणि नाथानाने बोट वळवले ते राजाकडेच. ती गोष्ट कोणावर, हे राजाला आधी कळले असते तर त्याने ती ऐकून घेतली असती का?

एक गोष्ट मात्र आम्ही मान्य करतो. गुपित फोडणे आणि गोष्ट लिहिणे यांत फरक आहे. चाळीस वर्षांत रुग्णांचे एकही गुपित आमच्या तोंडून बाहेर गेले नाही, आणि ते योग्यच होते. जिवंत माणसाचा आजार, कोणाच्या लेकराचे जन्मरहस्य, विश्वासाने सांगितलेली गोष्ट यांना हात लावू नये. गाव बदला, नाव बदला, दोन माणसांचे एक करा. टोपणनाव घ्या, विभावरीबाईंनी घेतले होते. पण एवढे पथ्य पाळल्यावर लिहिणाऱ्याचा हात धरू नका.

संपादकांस आमची विनंती आहे की प्रत्येक अंकात दोन पाने गोष्टीसाठी राखून ठेवावीत, आणि लेखकाचे खरे नाव कोणी विचारले तरी सांगू नये. वाचकांस विनंती की घरातली म्हातारी माणसे 'असाच एक आपल्यातही होता' म्हणू लागली की फोन बाजूला ठेवून ऐकावे, आणि शक्य तर लिहून ठेवावे. ही माणसे दर वर्षी कमी होत आहेत. आमच्या आजीच्या चुलतभावाची हकिकत आता एकट्या आम्हांलाच ठाऊक आहे, आणि तिचाही शेवट आम्ही विसरलो आहोत. आम्ही सारे नियम पाळले, कुठे बोललो नाही, आणि त्याचे हे फळ.

मैत्रिणीला आम्ही परत फोन केला. वही फाडली तरी गोष्ट तिला पाठ आहे. दुसऱ्या नावाने पुन्हा लिहून याच मासिकाकडे पाठव, असे आम्ही तिला सांगितले आहे. ती आली तर छापावी. आणि वाचकहो, वाचून झाल्यावर ते गृहस्थ कोण, हे विचारायला कृपा करून लेटरकेनीला फोन करू नका. त्यांनी मलिद्याचे ताट ठेवून घेतले असेल की परत पाठवले असेल, याबद्दल बोलायचे असेल तर मात्र केव्हाही करा. आम्ही निवृत्त आहोत, वेळ भरपूर आहे.

— एक निवृत्त परिचारिका, लेटरकेनी (आयर्लंड)